मारुती ८०० चा इंडिकेटर स्विच : साफ करावा, लोकल घ्यावा, जुना शोधावा की कंपनीचा बसवावा?

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. म्हणजे अगदी शेवटच्या गाडीतला मूळ स्विचही आता दहा वर्षांपुढचा आहे. दांडा न थांबता मागे येणं, एकच बाजू लागणं या तक्रारी आता येणारच.

पण आधी दोष स्विचचाच आहे याची खात्री करा. एक बाजू भरभर लुकलुकत असेल तर बहुतेक त्या बाजूचा बल्ब गेलेला असतो. हॅझार्डला चारही दिवे लागतात, इंडिकेटरचा फ्यूज शाबूत आहे आणि तरी दांड्याने लागत नाहीत, तेव्हा स्विच धरा.

दांडा टक्कन बसतो, पण दिवा कधी लागतो कधी नाही, असं असेल तर खर्च करू नका. कॉन्टॅक्टवर काजळी धरलेली असते. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि अगदी बारीक पॉलिश पेपरने काम भागतं. खोलताना खाली पांढरं कापड पसरा, आतली स्प्रिंग आणि गोळी उडून हरवते. वळण संपल्यावर दांडा आपोआप परतत नसेल, तर मात्र आतलं प्लॅस्टिक तुटलेलं असतं. ते चिकटवून टिकत नाही.

मग लोकल की कंपनीचा? मी एकदा लोकल बसवला. चार महिन्यांत अप्पर-डिपरला प्लॅस्टिक जळाल्याचा वास यायला लागला. कारण साधं आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटचा पूर्ण करंट याच कॉम्बिनेशन स्विचमधून, म्हणजे इंडिकेटर आणि हेडलाइटच्या एकत्र स्विचमधून, जातो. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपिअर. हौसेने १०० वॅटचे घातले की साडेसोळाच्या वर. पातळ पत्र्याचे कॉन्टॅक्ट एवढं सोसत नाहीत. स्विच कोणताही घ्या, हेडलाइटला रिले (जड करंट स्विचऐवजी स्वतःमधून नेणारा वेगळा स्विच) लावून घ्याच.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात जुना, मूळ स्विच मिळू शकतो. पण त्याचंही वय तुमच्या स्विचएवढंच. नवा मिळतच नसेल तरच तिकडे वळा.

मी कंपनीचाच घेईन. कोणताही स्विच बसवायचा तरी स्टेअरिंग काढावंच लागतं, मजुरी तेवढीच पडते. स्वस्तातला दुसऱ्यांदा बदलला की बचत तिथेच संपते. शिवाय योग्य मॉडेलचा असेल तर कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सरळ बसतो, वायरी कापाव्या लागत नाहीत. दुकानात जुना स्विच घेऊन जा आणि पिना मोजा. जुन्या कार्ब्युरेटरच्या आणि नंतरच्या एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) गाड्यांचा एकच असेल असं गृहीत धरू नका.

घरी करणार असाल तर चाकं सरळ ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, स्टेअरिंग आणि शाफ्टवर खूण करा. नट शेवटच्या दोन आट्यांवर राहू द्या, नाहीतर ओढताना स्टेअरिंग थेट तोंडावर येतं. हातोडी मारू नका, पुलर (स्टेअरिंग ओढून काढायचं अवजार) वापरा. एअरबॅग असलेल्या गाडीत मात्र हे घरी करू नका. हॉर्नचं झाकण लावण्याआधी स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवून दांडा आपोआप परततो का, ते पाहून घ्या.