गल्ली नकाशावर नोंदवताना: ‘रेसिडेन्शियल’ की ‘सर्व्हिस’?

ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर नागपूरच्या महाल-इतवारीतील बोळ रेखाटणारे नवखे हमखास अडतात: अरुंद म्हणून रस्त्याचा प्रकार ‘सर्व्हिस’ लिहावा, की दोन्ही अंगांना घरे म्हणून ‘रेसिडेन्शियल’?

पडताळणीत ‘रेसिडेन्शियल’ सोपे. घरांची पुढची दारे आणि ओटे गल्लीकडे असले, की निर्णय झाला. ‘सर्व्हिस’साठी मात्र रस्ता कशासाठी वापरात आहे हे पाहावे लागते, मग ती दुकानांमागे माल उतरवण्याची गल्ली असो वा पार्किंगमधली वाट; उपग्रहचित्रातून हे क्वचितच कळते, म्हणून मेहनत येथे अधिक. रुंदी हा निकष खरे तर दोन्हींतही नाही, तिच्यासाठी ‘विड्थ’ हा वेगळा टॅग (माहिती नोंदवण्याची खूण) आहे.

चुकीची किंमत वाहनचालक मोजतो. मार्ग सुचवणारी अनेक अ‍ॅप्स ‘सर्व्हिस’ रस्त्याला कमी पसंती देतात, त्यामुळे वस्तीतला खरा रस्ता तसा नोंदवल्यास उगाच वळसा पडतो; उलट मागची गल्ली ‘रेसिडेन्शियल’ केल्यास ऑटो पोत्यांच्या थप्पीपाशी अडकतो.

प्रवेशाचा प्रश्न निराळा. बेसा-मनीषनगरकडच्या लेआउटमध्ये, म्हणजे भूखंड पाडून वसवलेल्या वसाहतींमध्ये, फाटक दिसताच ‘अ‍ॅक्सेस’ला ‘प्रायव्हेट’ लावण्याची घाई मला पटत नाही. फाटक ‘गेट’ म्हणून नोंदवावे. परवानगीशिवाय खरोखर आत सोडत नसतील, तरच ‘प्रायव्हेट’.

राहत्या बोळांना ‘रेसिडेन्शियल’, बाजारामागच्या गल्ल्यांना ‘सर्व्हिस’सोबत ‘अ‍ॅली’ हा उपप्रकार योग्य. आणि जिथून केवळ पायीच जाता येते, तिथे दोन्ही सोडून ‘फूटवे’.