नैरोबीतील एक छोटे सायबर : सेवेचे परीक्षण आणि खर्चाचा हिशोब

नैरोबीच्या मध्यवर्ती भागात, मोई अव्हेन्यूपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरील सायबर कॅफेविषयी हे परीक्षण आहे. पुण्या-मुंबईहून नोकरीनिमित्त इथे आलेल्या कुटुंबांमध्ये ‘एखादे छोटे इंटरनेट कॅफे टाकायचे तर किती खर्च येईल’ ही चर्चा वरचेवर होते, आणि तिचे उत्तर बहुतेक वेळा संगणकांची संख्या गुणिले एका संगणकाची किंमत एवढ्यावरच थांबते. या दुकानाचा मी नियमित ग्राहक आहे. मालकांनी आपले हिशोब मोकळेपणाने समजावून दिले, म्हणून दुकानाचे नाव देत नाही; पण तिथे मिळणारी सेवा आणि त्या सेवेमागचा खर्च या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय असे दुकान परवडेल की नाही हे ठरवता येणार नाही, असे माझे मत आहे.

दुकानात ग्राहकांसाठी ८ संगणक आहेत आणि दर मिनिटाला १ शिलिंग आहे, जो या शहरात बराच रुळलेला दर आहे. आसनव्यवस्था साधी, पण दोन संगणकांच्या मध्ये आडपडदे आहेत आणि संगणकांचे पडदे शेजाऱ्याला सहज दिसणार नाहीत अशा कोनात ठेवले आहेत. जोडणीचा वेग चांगला असून हेडफोन स्वच्छ असतात. तरीही इथली खरी गर्दी संगणकांपुढे नसते, ती दारालगतच्या काउंटरपुढे असते. केनियात पासपोर्ट, वाहनपरवाना, व्यवसायनोंदणी अशी असंख्य सरकारी कामे ई-सिटिझन या एकाच संकेतस्थळावरून होतात आणि त्यांचे शुल्क २२२२२२ या एकाच पेबिल क्रमांकावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे भरण्याच्या क्रमांकावर, भरले जाते. करविवरण करखात्याच्या आयटॅक्स या संकेतस्थळावर भरावे लागते, उच्च शिक्षणाच्या कर्जासाठी हेल्ब या सरकारी मंडळाकडे आणि महाविद्यालयीन प्रवेशासाठी कुक्प्स या सरकारी संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो. हातात स्मार्टफोन असलेला माणूसही ही कामे फोनवर करायला धजत नाही, कारण एखादी चूक झाली तर भरलेले शुल्क अडकते आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. असा माणूस सायबरमध्ये येतो तो इंटरनेटसाठी नव्हे, तर अर्ज बिनचूक भरून देणाऱ्या जाणत्या माणसासाठी.

या बाबतीत दुकानाला मी मनापासून उत्तम म्हणेन. काउंटरवरील तरुणी अर्ज पाठवण्यापूर्वी प्रत्येक रकाना ग्राहकाला वाचून दाखवते, सरकारी शुल्क वेगळे आणि दुकानाची मजुरी वेगळी सांगते आणि पावती छापून देते. वैयक्तिक करविवरणाची मुदत ३० जूनला संपते आणि उशीर झाल्यास किमान २,००० शिलिंगांचा दंड बसतो, त्यामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात रांग जिन्यापर्यंत जाते. त्या गर्दीतही ती ही पद्धत सोडत नाही. अशा कर्मचाऱ्याचा पगार हा या व्यवसायातील सर्वांत महत्त्वाचा खर्च आहे, आणि अंदाजपत्रकात तोच सर्वांत कमी धरला जातो.

आकडे मांडून पाहिले की हे स्पष्ट होते. ८ संगणक दिवसाचे १० तास उघडे आहेत आणि सरासरी निम्मे भरलेले आहेत असे धरले, तर मिनिटाला १ शिलिंग या दराने दिवसाचे २,४०० शिलिंग होतात. निम्मे भरलेले हे गृहीतकही उदारच आहे. काळ्या-पांढऱ्या छपाईचा दर इथे पानाला १० शिलिंग आहे. कागद आणि टोनर मिळून पानामागे २ ते ३ शिलिंग खर्च धरला, तरी दिवसाला ३०० पाने छापली गेली की खर्च वजा जाता २,१०० ते २,४०० शिलिंग हाती राहतात, आणि त्यासाठी जागा लागते ती एका छपाईयंत्राची. लॅमिनेशन, पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, स्कॅनिंग आणि अर्ज भरण्याची मजुरी याशिवाय. म्हणून छोट्या दुकानाने पहिला पैसा काउंटरवर घालावा आणि संगणक सुरुवातीला चारच ठेवावेत, हा या लेखामागचा माझा ठाम आग्रह आहे.

संगणकांच्या खरेदीत सध्या एक मोठा धोका आहे. नैरोबीच्या लुथुली अव्हेन्यू आणि मोई अव्हेन्यू परिसरात ‘एक्स-यूके’ म्हणून ओळखले जाणारे, ब्रिटनमधील कार्यालयांतून निघालेले जुने एचपी, डेल आणि लेनोवो संगणक मुबलक मिळतात आणि नव्याच्या तुलनेत फारच स्वस्त पडतात. परंतु विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. चौथ्या-पाचव्या पिढीचे यंत्र निम्म्या किमतीत मिळाले तरी लोक ज्या यंत्रावर आपले करखाते उघडतात त्यावर सुरक्षेच्या सुधारणा येत नसतील, तर ती बचत ग्राहकाच्या जिवावरची आहे. या दुकानातील ८ पैकी ५ यंत्रे छोट्या आकाराची, आठव्या पिढीची आहेत. उरलेली ३ अजून जुनीच आहेत, आणि ती बदलेपर्यंत त्यांवर केवळ टंकलेखन करू द्यावे असे मी मालकांना सुचवले आहे.

छोट्या यंत्रांचा लाभ विजेच्या बिलातही दिसतो. जुना उभा संगणक आणि पडदा मिळून १०० वॅट धरले, तर ८ संगणकांना १० तासांत ८ युनिटे लागतात; छोटे यंत्र आणि पडदा मिळून ४० वॅट धरले, तर तेवढ्याच वेळात ३.२ युनिटे. युनिटला २५ शिलिंग या हिशोबाने महिन्याच्या २६ दिवसांत हा फरक ३,००० शिलिंगांहून अधिक होतो. इथे वीज बहुधा प्रीपेड असते. एम-पेसा या मोबाइलवरील पैशांच्या सेवेतून पैसे भरून टोकन घ्यायचे आणि त्याचे अंक मीटरमध्ये टाकायचे. त्यामुळे विजेचा पैसा महिन्याअखेरीस नव्हे, तर रोजच्या गल्ल्यातून बाजूला काढावा लागतो.

वीज जाणे हा इथल्या हिशोबाचा कायमचा भाग आहे. २५ ऑगस्ट २०२३ रोजी तर जवळपास सारा देश अंधारात गेला होता. या दुकानाची मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट इथे सांगतो. रोजच्या छपाईसाठी त्यांच्याकडे क्योसेराचे लेझर यंत्र आहे, ज्याचे टीके-११७० टोनर कंपनीच्या मोजमापानुसार ७,२०० पाने चालते. लेझर यंत्र कागदावर शाई पक्की करण्यासाठी आतला भाग तापवते आणि त्या क्षणी इतकी वीज ओढते की छोट्या यूपीएसला ते झेपत नाही. म्हणून त्यांनी शेजारी एप्सनचे शाईच्या टाकीचे यंत्र ठेवले आहे, ज्याला अगदी थोडी वीज लागते. वीज गेली की राउटर, काउंटरचा एक संगणक आणि हे यंत्र एका साध्या यूपीएसवर चालू राहतात. पडद्यांपुढची आसने अंधारात असली तरी छपाई आणि अर्ज थांबत नाहीत. जनरेटरवर पैसा न घालता पोटापाण्याचा भाग चालू ठेवण्याची ही योजना प्रत्येक नव्या दुकानदाराने जशीच्या तशी उचलावी.

जोडणीच्या बाबतीतही हाच शहाणपणा दिसतो. २००९ मध्ये मोम्बासाला सीकॉम आणि टीम्स या समुद्राखालच्या तारा पोहोचल्यानंतर इथले इंटरनेट झपाट्याने सुधारले आणि आज शहरात फायबर देणाऱ्या कंपन्यांत खरी स्पर्धा आहे. तरीही मे २०२४ मध्ये सीकॉम आणि ईसी या दोन्ही तारांना इजा झाली, तेव्हा साऱ्या पूर्व आफ्रिकेची जोडणी मंदावली होती. दुकानात मुख्य फायबरखेरीज दुसऱ्या कंपनीचा मोबाइल राउटर तयार असतो. दोन्ही जोडण्या एकाच कंपनीकडून घेतल्या, तर दुसऱ्या जोडणीवरचा खर्च बराचसा वाया जातो.

जागेचा खर्च मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावा. भाडे आणि अनामत याखेरीज मोक्याच्या जागेसाठी ‘गुडविल’ या नावाने एकरकमी पैसे मागितले जातात. मुंबईतील पागडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा प्रकार लगेच उमजेल, परंतु ही रक्कम परत मिळेल असे इथे मुळीच गृहीत धरू नये. दुकानांच्या भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा केनियात आहे आणि त्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरणही आहे, पण ते संरक्षण मुख्यतः तोंडी करारांना, पाच वर्षांपर्यंतच्या करारांना आणि मुदतीपूर्वी संपवता येतील अशा करारांना लागू होते. अनेक घरमालक पाच वर्षे तीन महिन्यांचा करार पुढे करतात, त्याचे कारण हेच आहे. या दुकानाने पहिला मजला निवडून भाडे वाचवले. ग्राहकाला एक जिना चढावा लागतो आणि वयस्कर माणसांची त्यामुळे गैरसोय होते, हे मात्र खरे.

आता ज्या मुद्द्यावर आपल्याकडील बहुतेक बेत अडतात तो मुद्दा. परकीय नागरिकाला स्वतःचा व्यवसाय करण्यासाठी वर्ग ‘जी’चा परवाना लागतो आणि त्यासाठी किमान १,००,००० अमेरिकी डॉलरचे भांडवल दाखवावे लागते. डॉलरला सुमारे १२९ शिलिंग धरले, तर ही रक्कम जवळपास १ कोटी २९ लाख शिलिंग होते. चार-आठ संगणकांच्या दुकानाला याच्या अंशानेही पैसा लागत नाही. नोकरदाराच्या पत्नीला किंवा पतीला मिळणाऱ्या अवलंबिताच्या पासवर काम करता येत नाही, आणि केवळ घरबसल्या वेळ जावा म्हणून दुकान काढू पाहणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावे. स्थानिक नागरिकाच्या नावावर दुकान ठेवून पडद्याआडून चालवणे हा मार्ग कोणी सुचवला, तर त्याला ठाम नकार द्यावा. त्यात पैसाही जातो आणि देशात राहण्याचा हक्कही. या दुकानाच्या मालक केनियाच्या नागरिक आहेत. त्यांना काउंटीचा, म्हणजे स्थानिक प्रशासनाचा, व्यवसायपरवाना, करखात्याची नोंदणी आणि लहान उलाढालीवरचा ३ टक्के कर एवढ्यावर भागते.

सेवेतील एक उणीव मला गंभीर वाटते. ग्राहक आपली कागदपत्रे दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि छपाई झाल्यावर ती काउंटरच्या संगणकावर तशीच पडून राहतात. ओळखपत्रांच्या प्रती, बँकेची विवरणपत्रे, वैद्यकीय अहवाल, सारे एकाच ठिकाणी. केनियात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०१९ पासून लागू आहे. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर सर्व फाइली आपोआप पुसल्या जातील अशी व्यवस्था ग्राहकांच्या संगणकांवर आहे, मग तीच काउंटरवर नसावी याचे मला वाईट वाटते. मालकांनी ती बसवण्याचे मान्य केले आहे. तोपर्यंत ग्राहकांनी आपली फाइल समोर उभे राहून पुसून घ्यावी आणि पासवर्ड कागदावर लिहून काउंटरवर ठेवू नये.

दर वाजवी, माणसे प्रामाणिक आणि कामाची पद्धत अनुकरणीय आहे. सकाळी दहापूर्वी गेल्यास रांग नसते. स्वतःच्या दुकानाचा अंदाज बांधण्यासाठी कोणी जाणार असेल, तर जूनमध्ये जाऊ नये. फेब्रुवारीसारख्या संथ महिन्यात जावे आणि त्या दिवसाच्या गल्ल्यावर पगार, भाडे आणि टोकन निघते का एवढेच मोजावे.