बॉनेटवर २४, कागदावर १८

आधी जमिनीचं सांगते, म्हणजे मी कशासाठी ट्रॅक्टर शोधत होते ते कळेल. नाशिकजवळच्या गिरणारेच्या पुढे आमची अडीच एकर आहे. वडिलांनी लावलेली केशर आंब्याची बेचाळीस झाडं, त्यांच्यात पंधरा फुटांचं अंतर, थोडे पेरू, घर, घरापर्यंत मुरमाचा रस्ता आणि मागे उताराचा पाऊण एकराचा तुकडा. त्या तुकड्यात गवताशिवाय काही नाही. आमच्याकडे त्र्यंबकच्या बाजूचा पाऊस चांगलाच लागतो. श्रावण सरेपर्यंत गवत कमरेला येतं, गाजरगवत फुलावर येतं आणि संध्याकाळी घराबाहेर पाय टाकताना बॅटरी लागते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हे सगळं मी बघते.

पूर्वी गवत काढायला माणसं मिळायची. आता पेठ-सुरगाण्याकडून येणारी माणसं छाटणीच्या दिवसांत द्राक्षबागांत जातात. तिथे त्यांना सलग काम आणि बरी मजुरी मिळते, त्यात त्यांचं काहीच चुकत नाही. दोन वर्षं खांद्यावरच्या ग्रास कटरवर काढली. मागच्या तुकड्यालाच चार दिवस जायचे आणि पुढच्या पंधरा दिवसांत गवत परत वर यायचं. म्हणून मिनी ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे स्लॅशर, म्हणजे फिरत्या पात्यांनी गवत कापणारं अवजार, घ्यायचं ठरवलं. हे मे २०२५ मधलं.

नवीन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून आग्रा रोडला जुने ट्रॅक्टर विकणाऱ्या एकाकडे गेले. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. माणूस बोलायला गोड. पहिल्या पाच मिनिटांत मी त्याची ताई झाले. "ताई, अडीच एकराला २४ एचपी म्हणजे आयुष्यभराचं काम झालं. २०२२ चं मॉडेल, फोर व्हील ड्राइव्ह, फक्त ६४० तास चाललेलं. पाच फुटी स्लॅशर सोबत देतो, एका फेरीत जास्त गवत निघेल." मीटरवर खरंच ६४० होते. बॉनेटवर मोठ्या अक्षरांत २४ लिहिलेलं होतं. दुकानामागच्या मुरमाच्या पटांगणात त्याने ट्रॅक्टर चालू केला, स्लॅशर वीतभर उचलून फिरवून दाखवला. पाती गरगर फिरत होती. मला वाटलं, मशीन चालतंय, अजून काय बघायचं?

सगळं मिळून ३ लाख ३५ हजारांना ठरलं. २ लाख ८५ हजार बँकेतून दिले, ५० हजार रोख. रोखीची पावती नाही. बिलावर "जुना मिनी ट्रॅक्टर, १ नग, स्लॅशरसह" एवढंच. एचपी नाही, इंजिन नंबर नाही, चेसिस नंबर नाही. आरसी मोबाइलवर दाखवली, तीही फक्त पुढची बाजू. मूळ आरसी आणि ट्रान्स्फरचे फॉर्म आठ दिवसांत घरपोच देतो म्हणाला. वर घाई लावली, "नवीन ट्रॅक्टरचे भाव वाढणारच आहेत ताई, त्यापाठोपाठ जुन्याचेही वाढतील." प्रत्यक्षात २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि नवीन ट्रॅक्टर स्वस्त झाले.

जून-जुलैमध्ये ट्रॅक्टरने रस्त्यावर मुरूम पसरला, दोन-चार वेळा लहान ट्रॉली ओढली. काही जाणवलं नाही, कारण त्याला जोर लागेल असं काम मी दिलंच नव्हतं. गणपती उठल्यावर आमच्याकडे कामाला येणाऱ्या दादांनी मागच्या तुकड्यात स्लॅशर खाली टेकवला. दहा पावलं गेला असेल, इंजिनाचा आवाज बसला, काळा धूर आला आणि बंद. परत चालू केला, परत तेच. अर्ध्या तासात रेडिएटरची जाळी गवताच्या बियांनी भरली, काटा लालवर गेला. गवत ओलं आहे म्हणून बंद पडतो असं वाटलं, दोन दिवस ऊन घेतलं. तरीही तेच. तिसऱ्या दिवशी गवतातल्या काळ्या दगडावर पातं आदळलं, मोठा आवाज झाला आणि स्लॅशरच्या गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं.

गिरणारेतले मिस्त्री येऊन बघून गेले. त्यांनी जे दाखवलं ते मी घेण्याआधी बघायला हवं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं, बॉनेट. हातानं दाबल्यावर एका बाजूला हलत होतं. खाली बोल्टची दोन जुनी भोकं रिकामी होती आणि नवीन भोकं पाडलेली होती. म्हणजे बॉनेट दुसऱ्या ट्रॅक्टरचं. डिझेलच्या फडक्याने इंजिनवरची प्लेट पुसली आणि त्यावरचा इंजिन नंबर त्यांनी लिहून घेतला. पुढे आरटीओमधून आरसीचा पूर्ण तपशील काढला तेव्हा नंबर जुळला, पण क्षमता ९०० सीसीच्या आसपास निघाली आणि उत्पादनाचं वर्ष २०१८. ते मॉडेल १८ एचपीचं आहे. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढच्या टायरवर शेवटी १८ होतं. दुकानात मी त्या टायरला हात लावून उभी होते.

दुसरं, तास. क्लचच्या पेडलचं रबर कोरं होतं, पण खालचं लोखंड झिजून चकचकीत झालेलं. मागचं अवजार जोडायच्या लिंकचे गोळे ढिले, ट्रॉली जोडायच्या ड्रॉबारचं भोक लांबट झालेलं, मागचं अवजार फिरवणाऱ्या पीटीओ शाफ्टचे दात टोकाला बारीक. ६४० तासांत असं होत नाही. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन चालू करून तेलाचं झाकण उघडलं, भसाभस धूर. "बॅक कॉम्प्रेशन मारतंय," म्हणाले, म्हणजे इंजिन आतून झिजलेलं. मी बघायला गेले होते तेव्हा त्याने इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं होतं, हे मला तेव्हा आठवलं.

तिसरं, स्लॅशर. शाफ्टवर शिअर बोल्ट असतो. तो मुद्दाम नरम असतो, पातं दगडावर आदळलं की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. आमच्या स्लॅशरला त्या जागी डोक्यावर ८.८ कोरलेला कडक बोल्ट घातलेला होता. तो तुटला नाही, गिअरबॉक्स फुटला. शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हरही नव्हतं. मिनिटाला ५४० फेरे फिरणाऱ्या शाफ्टजवळ पदर, ओढणी, धोतराचा सोगा गेला तर हात सोडवायलाही वेळ मिळत नाही. माझ्या अंगणात ते उघडं मशीन तीन महिने उभं होतं, सुट्टीत नातवंडं तिथेच खेळत होती. पैशापेक्षा या गोष्टीचा मला जास्त संताप येतो.

आता एचपीचं. मी "२४" ऐकलं आणि समाधान मानलं. बॉनेटवर असते ती इंजिनाची एचपी. स्लॅशर, रोटाव्हेटर किंवा द्राक्षबागेत औषध फवारायचा ब्लोअर फिरतो तो पीटीओवर, आणि तिथे पोचेपर्यंत साधारण ८५ टक्क्यांच्या आसपास ताकद उरते. जाड गवतासाठी स्लॅशरच्या दर फुटाला पीटीओवर पाच एचपी धरायची, असं मिस्त्रींनी सांगितलं. म्हणजे माझ्या १८ च्या ट्रॅक्टरला तीन फुटी स्लॅशर योग्य. खऱ्या २४ एचपीलाही चार फूट पुरे, पाच फुटी त्यालाही झेपला नसता. म्हणजे ट्रॅक्टर खरा निघाला असता तरी त्या जोडीत मी अडकलेच असते. त्याच्याकडे न खपलेला पाच फुटी स्लॅशर पडून होता, तो त्याने माझ्या गळ्यात घातला.

वजनाचंही तसंच. त्या स्लॅशरचं वजन दोनशे किलोच्या वर आहे आणि ट्रॅक्टर हलका. उतारावर चढताना स्लॅशर उचलला की पुढची चाकं हलकी व्हायची, स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जायचा. एकदा बांधाजवळ दादांनी स्लॅशर पटकन खाली सोडला म्हणून बरं झालं. पुढे वजनं लावायची सोय होती, वजनं त्याने दिलीच नव्हती.

माझ्यासारखी जागा असेल, आंबा-पेरू, घर, रस्ता, थोडा उतार, तर आता मी काय घेतलं असतं? २४ ते २७ एचपी, फोर व्हील, चार फुटी स्लॅशर, पुढे वजनं, आणि सायलेन्सर खालून जाणारा, कारण उभा सायलेन्सर आंब्याच्या खालच्या फांद्यांत अडकतो. सपाट एक एकर असेल तर १८ आणि तीन फुटीवर भागतं. द्राक्षबागेचं गणित वेगळं. तिथे आधी ओळीतलं अंतर आणि ट्रॅक्टरची बाहेरून बाहेर रुंदी टेपने मोजावी लागते. अर्धा एकर गवतासाठी तर ट्रॅक्टर घेऊच नये, तासावर भाड्याने बोलवावा. मी ऑक्टोबरमध्ये मोहाडीकडून खऱ्या २४ एचपीचा ट्रॅक्टर आणि चार फुटी स्लॅशर बोलावला. मागचा सगळा तुकडा तीन तासांत झाला आणि इंजिनाचा आवाज एकदाही बसला नाही.

कुठल्याही मॉडेलची पीटीओ एचपी आणि उचलण्याची क्षमता विक्रेत्याच्या तोंडून ऐकायची गरज नाही. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे, तिचे अहवाल असतात. नवीन घेताना डीलरकडे तो अहवाल मागा. जुना घेताना आरसी हातात घ्या, दोन्ही बाजू बघा, गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाका. बँकेचा बोजा असेल तर तिथे दिसतो. बोजा असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५, आणि नावावर करायला २९ आणि ३०, हे सगळं सहीनिशी हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. बिलावर एचपी, वर्ष, इंजिन नंबर, चेसिस नंबर लिहून घ्या. आणि पैसे देण्याआधी मशीन आपल्या रानात, आपल्या गवतात, सकाळी थंड असताना अर्धा तास चालवून घ्या. जो विक्रेता याला तयार नाही, त्याच्याकडून उठून या.

मी नोव्हेंबरमध्ये १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि घटनेपासून दोन वर्षांत जावं लागतं. माझ्या बाजूने सगळ्यात उपयोगी पडला तो त्यानेच व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज: "२४ एचपी, २०२२, ६४० तास." बिलावर त्याने जे लिहायचं टाळलं, ते मेसेजमध्ये लिहून बसला होता. तुमच्याकडे असे मेसेज असतील तर पुसू नका.

आरसीवरचे पहिले मालक सिन्नर तालुक्यातले. नंबर शोधून फोन केला तर आधी बोलायलाच तयार नव्हते. त्यांना वाटलं मी बँकेतून बोलतेय. मग हळूहळू कळलं. त्यांनी ट्रॅक्टर याच माणसाला १ लाख ४० हजारांना दिला, तेव्हा मीटरवर ३,१०० तास होते आणि कर्जाचे चौदा हप्ते बाकी होते. "बाकीचे हप्ते मी भरतो, तुम्ही सही करा," असं सांगून त्याने कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या. एकही हप्ता भरला नाही. या मालकांच्या दारात बँकेची माणसं येतात, ट्रॅक्टर माझ्या अंगणात आहे आणि पैसे तिसऱ्याकडे.

येत्या मंगळवारी आम्ही दोघं मिळून पोलिस ठाण्यात जाणार आहोत. कागद काय काय आहेत असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी एक फोटो पाठवला. दसऱ्याच्या पूजेचा आहे. अंगणात ट्रॅक्टर, बाजूला त्यांची म्हातारी आई आरतीचं ताट घेऊन उभी, बॉनेट निळं आणि झेंडूच्या माळेखाली १८ हा आकडा स्पष्ट वाचता येतो.