साखरेच्या डब्याला टेकवलेला प्रयोग

शनिवारी रात्री ९चा प्रयोग, तिकीट १५० रुपये, नाट्यगृह म्हणजे आमचं कोथरूडचं स्वयंपाकघर. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला. लिंक यायला नऊला पाच कमी झाले होते. तिकिटाच्या साइटने वर २३ रुपये सुविधा शुल्क घेतलं, ते कुठल्या सुविधेचं देव जाणे.

प्रयोग असा : पुण्यातलीच एक तिशीची कलाकार आपल्या खोलीत बसते, प्रेक्षकांनी सांगितलेल्या आकड्यावरचं नाव फेसबुकच्या मित्रयादीतून काढते आणि त्या माणसाला लाइव्ह फोन लावते. प्रश्न एकच. 'आपण मित्र आहोत का?' यादीत १,८१२ नावं. फेसबुक ५,००० जणांशी मैत्री करू देतं, आणि रॉबिन डनबर या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात माकडांच्या मेंदूवरून हिशेब मांडला होता, की माणसाला साधारण १५० नाती सांभाळता येतात. हे सगळं ती आधी दहा मिनिटं वाचून दाखवते. ती दहा मिनिटं सरळ कापावीत.

पहिले दोन फोन कोणी उचललेच नाहीत. तिसऱ्याला ती आठवेना. चौथीने 'लोन नको' म्हणून ठेवला.

पाचवा निघाला शाळेतला वर्गमित्र, आता किराणा दुकानदार. 'बोल गं,' म्हणाला आणि फोन खांद्यात धरून गिऱ्हाईक करत राहिला. पाव किलो शेंगदाणे. वजनाचा ठक् आवाज. 'सुटे नाहीत? राहू द्या, उद्या द्या.' चार मिनिटं आम्ही नुसतं दुकान ऐकलं. तीही गप्प. मग एकदम त्याने विचारलं, 'काकूंचा गुडघा कसाय?' ती उत्तर देत बसली आणि तिचा प्रश्न विचारायचाच राहिला. हे ठरवून बसवता येत नाही.

मी चाळीस वर्षं हौशी नाटकांना प्रॉम्प्टिंग केलंय. स्टेजवर वीस सेकंद कोणी बोललं नाही की विंगेत पोटात गोळा येतो. इथे तिचं वाक्य आमच्यापर्यंत पोचायलाच वीसेक सेकंद लागत होते. 'आहात ना?' विचारून ती रिकाम्या चौकटीकडे बघत बसायची, मग उत्तरं यायची. आमच्या वेळी पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेला भरत नाट्यमध्ये 'आव्वाज कुणाचा'ने छत हादरायचं. इथली दाद म्हणजे कोपऱ्यातून वर तरंगत जाणारे लाल बदाम. तरी त्या वीस सेकंदांत तिचा चेहरा जे करायचा, ते शेवटच्या रांगेतून कधी दिसलं नसतं.

एक गोष्ट मात्र खटकली. 'हे लाइव्ह चाललंय' हे ती समोरच्याला मिनिटभराने सांगते. दुकानदाराने हसण्यावारी नेलं. सातव्या बाईने तोवर 'मी घर सोडलंय, कुणाला बोलू नकोस' म्हणून टाकलं होतं. आम्ही शंभरेक जण ऐकत होतो! न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये २०१० साली मरिना अब्रामोविच ही परफॉर्मन्स कलाकार अडीच महिने नुसती खुर्चीत बसून होती, पण समोरच्या खुर्चीत जो येई तो आपल्या पायांनी रांग लावून येई. या बाईला कोणी विचारलं होतं? कलाकार क्षणभर वरमली, फोन ठेवला आणि पुढचा आकडा मागितला. तिथे थांबायला हवं होतं.

साडेदहाला तिने नमस्कार केला, आभार मानले. पण स्ट्रीम चालूच. ती उठली, ताट घेऊन आली आणि गार पोळी-भाजी खायला लागली. एका हाताने मोबाइल चाळत होती. बघणारे एकोणीस उरले होते, कोणी काही लिहीना. मी लिहिलं, 'लाइव्ह चालू आहे.'

वीस सेकंदांनी तिने वर पाहिलं, घास तोंडात तसाच, आणि कॅमेऱ्यावर तळहात ठेवला. हा प्रयोगाचाच भाग होता का, कोण जाणे. माझे १५० रुपये तिथे वसूल झाले. ते २३ नाही.