लक्झरी एसयूव्हीचं टॉप व्हेरियंट: वरचे ९ लाख कुठे जातात

मधल्या आकाराची जर्मन डिझेल एसयूव्ही, टॉप व्हेरियंट. एक कडक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा वापरून झाली. पुण्यातलं रोजचं ट्रॅफिक, अधूनमधून कोकण. इंजिन-गिअरबॉक्सवर लिहिण्यासारखं फारसं नाही, कारण ते खालच्या व्हेरियंटमध्येही तेच येतं. प्रश्न आहे दोन व्हेरियंटमधल्या ९ लाखांचा. कंपनीचं नाव घेत नाही. साचा थोड्याफार फरकाने सगळीकडे तोच आहे.

जर्मनीत गिऱ्हाईक एकेक गोष्ट निवडून गाडी बनवून घेऊ शकतं. आपल्याकडे मर्सिडीज चाकणला, ऑडी छत्रपती संभाजीनगरला आणि बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ किट (सुट्या भागांचा संच) आणून गाड्या जोडतात. प्रत्येक वेगळ्या जोडणीसाठी वेगळं वायरिंग, वेगळं किट आणि डीलरकडे अडकलेला वेगळा माल, म्हणून सगळं दोन गठ्ठ्यांत बांधून टाकतात. ऑडीच्या क्यू५ आणि क्यू७ मध्ये प्रीमियम प्लस आणि टेक्नॉलॉजी, बीएमडब्ल्यू एक्स५ मध्ये एक्सलाइन आणि एम स्पोर्ट. व्होल्वोने तर एक्ससी६० एकाच भरगच्च व्हेरियंटमध्ये विकून डोकेदुखीच संपवली. पोर्शेचं उलट: यादी लांबलचक, हवं त्यावर टिक करा, पण गाडी पूर्ण आयात असल्याने प्रत्येक टिकवर आयात शुल्कही चढतं.

गठ्ठा बांधण्यामागे कारखान्याची सोय आहे हे मान्य. पण त्यात विक्रीची हुशारीही आहेच. तुम्हाला खरोखर हवी असलेली एक वस्तू (बहुतेकदा हेडलाइट, ३६० अंश कॅमेरा किंवा सस्पेन्शन) अशा तीन-चार वस्तूंसोबत बांधलेली असते, ज्या सुट्या कुणी विकत घेतल्या नसत्या.

आता हिशोब. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवर ४० टक्के जीएसटी आहे. म्हणजे एक्स-शोरूममधल्या ९ लाखांच्या फरकात सुमारे २ लाख ५७ हजार जीएसटीच आहे. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या डिझेल गाडीला वैयक्तिक नावावर १५ टक्के रोड टॅक्स, तो आणखी १ लाख ३५ हजार. एक टक्का टीसीएस (गाडी घेताना डीलर आगाऊ घेतो तो आयकर) रिटर्नमध्ये वळता होतो, तो सोडा. इन्शुरन्स धरलाच नाही तरी खिशातून १० लाख ३५ हजार जातात आणि गाडीत साधारण ६ लाख ४३ हजारांचा माल येतो, तोही डीलरचं मार्जिन धरून. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर रोड टॅक्स २० टक्के.

उलट डॅशकॅम, मॅट, मडफ्लॅप, साइडस्टेप, डिकीतला ट्रे अशा गोष्टी वेगळ्या बिलावर नंतर घेतल्या तर जीएसटी १८ टक्के आणि रोड टॅक्स शून्य. फक्त पॉलिसीत त्या अॅक्सेसरी म्हणून लिहून घ्या. इलेक्ट्रिकल असतील तर किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम बसतो, पण न लिहिलेल्या वस्तूचा क्लेम मिळत नाही. त्यामुळे माझ्या मते कसोटी एकच: नंतर बसवता येणार नाही त्यालाच कारखान्यात पैसे द्यावेत.

या कसोटीवर डॅम्पर (शॉक अॅब्सॉर्बर) पहिल्या नंबरने पास. इलेक्ट्रॉनिक डॅम्परला चार कोपऱ्यांत सेन्सर, कंट्रोल युनिट आणि त्याचं वायरिंग लागतं; बाहेर कुणी ते धड बसवून देत नाही. कम्फर्ट मोडमध्ये सिमेंट रस्त्याच्या सांध्यांवरची ठकठक स्पष्ट कमी होते. एअर सस्पेन्शन असेल तर आराम आणखी वाढतो, पण रबराच्या बेलोजला (हवा भरलेल्या फुग्यांना) बारीक गळती लागली की कॉम्प्रेसर सतत चालून जळतो. सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसली तर लगेच वर्कशॉपला दाखवा. पंक्चरवाल्याने जॅक लावण्याआधी स्क्रीनवर जाऊन जॅक मोड चालू करा, नाहीतर गाडी स्वतःच उंची जुळवायला लागते.

गंमत अशी की त्याच गठ्ठ्यात येणारी २० इंची चाकं डॅम्परने कमावलेलं निम्मं घालवतात. आकडे बघा: २३५/६० आर१८ ची साइडवॉल (टायरच्या कडेच्या रबराची उंची) १४१ मिमी, २३५/५५ आर१९ ची १२९, आणि २५५/४५ आर२० ची ११५. चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच, खड्डा झेलणारं रबर मात्र २६ मिमीने कमी. पावसाळ्यात पाण्याखालच्या खड्ड्याने पुढच्या डाव्या टायरला फुगा आला. आतले धागे तुटतात म्हणून फुगा येतो. त्याला दुरुस्ती नाही आणि वॉरंटीही नाही. टायर बदलावाच लागतो. यावर सरळ उपाय म्हणजे त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटची १९ इंची चाकं, ब्रेक कॅलिपरला जागा पुरते हे बघून. ऑडी आणि मर्सिडीजच्या चाकांचे मूळ बोल्ट गोल बसकेचे (चाकाला टेकणारा भाग गोल) असतात, बाजारातल्या बऱ्याच अलॉयना शंकूच्या बसकेचे लागतात. वरवर ते बसतात, पण धरत नाहीत.

मॅट्रिक्स हेडलाइटही पास. काचेमागचा कॅमेरा समोरचं वाहन ओळखून झोताचा तेवढाच तुकडा विझवतो, बाकी अप्पर चालूच. रात्री ताम्हिणीत याची किंमत कळते. मात्र मागचा दिवा नसलेली बाइक किंवा बैलगाडी त्याला दिसत नाही, आणि वळणापलीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांवर क्षणभर झोत जातोच. पुढची काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घ्या आणि ते जॉबकार्डवर लिहिलेलं बघा. एका दिव्याची किंमत लाखात असते. झिरो डेप्रिसिएशनशिवाय (क्लेममध्ये घसारा न कापणाऱ्या इन्शुरन्सशिवाय) ही गाडी रस्त्यावर काढू नये.

पॅनोरमा छत. उन्हाळ्यात पडदा बंद, पावसाळ्यात छत बंद. उरला हिवाळा. त्याच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या नळ्या खांबांमधून खाली उतरतात. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर पाऊस सुरू होण्याआधी त्यात जाड नायलॉनची दोरी हलक्या हाताने घालून साफ करा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी आतून निसटते आणि पाणी पायाखालच्या कार्पेटमध्ये मुरतं.

साउंड सिस्टिम छान आहे, ९ लाखांची नाही. अँबियंट लाइटचे रंग आठवड्यानंतर कुणी बदलत नाही. मागच्या सीटला वेगळा एसी मात्र घरात म्हातारी माणसं असतील तर उपयोगी. थंड हवेच्या सीट टॉपमध्येही नाहीत, हे उन्हाळ्यात फार खुपतं. चाकणलाच बनलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही७०० मध्ये २०२१ पासूनच रडारवर चालणारा, पुढच्या गाडीशी अंतर राखणारा क्रूझ मिळू लागला, आणि तिप्पट किमतीच्या जर्मन गाडीत तो आहे का हे माहितीपत्रकात शोधावं लागतं!

माहितीपत्रकावर विसंबू नकाच. मॉडेल वर्षाच्या मध्येच एखादी वस्तू गुपचूप निघते आणि तळाशी बारीक अक्षरात 'बदलाचा हक्क राखीव' असतो. पैसे भरण्याआधी चेसिस नंबरवरून कारखान्याची कोड यादी मागा. सेकंडहँड घेताना तर आवर्जून. बीएमडब्ल्यूत ३३७ म्हणजे एम स्पोर्ट पॅकेज, ४०२ पॅनोरमा छत, ६८८ हरमन कार्डन साउंड सिस्टिम. मर्सिडीजमध्ये ४८९ एअरमॅटिक (एअर सस्पेन्शन), ४०१ थंड हवेच्या सीट, ८१० बर्मेस्टर साउंड सिस्टिम. ऑडीचं कोड यादीचं स्टिकर बहुतेक वेळा डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात सापडतं. बाहेरून एम स्पोर्टचा बंपर लावलेली आणि यादीत ३३७ नसलेली गाडी बाजारात मिळते. तिला त्या पॅकेजचा भाव देऊ नका.