द्राक्षबागेतील बिनतारी ओलावा-संच : एका हंगामाचा अनुभव

निफाड तालुक्यातील आमच्या दोन एकर द्राक्षबागेत गेल्या एप्रिलमध्ये, खरड छाटणी उरकल्यावर, मातीतील ओलावा मोजणाऱ्या चौदा सेन्सरांचा बिनतारी संच बसवला. काढणी संपल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. ओलाव्याचे आकडे भरवशाचे आहेत. माती मुठीत दाबून पाहिल्यावर वाफशाचा जो अंदाज येतो, त्याच्याशी ते जुळतात.

तक्रार आहे ती सेलच्या खर्चाबद्दल. सेल दोन वर्षे टिकतील असे विक्रेत्याने सांगितले होते, आणि बागेच्या टोकाच्या सेन्सरांपुरते ते खरे ठरेल असे दिसते. परंतु पंपघरातील गेटवेला (सगळ्या सेन्सरांची माहिती गोळा करणाऱ्या यंत्राला) लागून असलेल्या दोन सेन्सरांचे सेल सप्टेंबरातच संपले आणि मागचे बाराही मुके झाले, कारण त्यांची माहिती या दोघांमार्फतच पुढे जात होती. खरा खर्च ओलावा मोजण्याचा नसतो, रेडिओचा असतो. अशा सेन्सर-जाळ्यांच्या अभ्यासात सर्रास वापरल्या गेलेल्या सीसी2420 या रेडिओ चिपला पूर्ण ताकदीने निरोप पाठवताना 17.4, तर ऐकताना 18.8 मिलिअँपिअर लागतात. म्हणजे इतरांचा निरोप ऐकून पुढे देणाऱ्याला दुहेरी भुर्दंड. त्यात मांडव पानांनी भरला, की पानांतील पाणी 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरी शोषते आणि तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो.

हा प्रश्न नवा नाही. वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी 2000 साली मांडलेल्या ‘लीच’ पद्धतीत गटप्रमुखाचे, म्हणजे गटातील सगळ्यांची माहिती गोळा करून पुढे पाठवण्याचे, जड काम सेन्सरांनी पाळीपाळीने करायचे असते. कालव्याच्या पाण्याला पाळी लावणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तक्रारीनंतर कंपनीने ऑक्टोबर छाटणीआधी नवे फर्मवेअर (सेन्सरांच्या आतली आज्ञावली) दिले, ज्यात मार्ग निवडताना सेलमधील शिल्लकही पाहिली जाते, आणि मांडवाच्या वर दहा फुटी खांबावर पंधरावा सेन्सर विनामूल्य बसवला. जानेवारीत, मांडव पुन्हा भरलेला असताना, मल्टिमीटर लावून पाहिले : गेटवेजवळच्या तिघांवर 2.81, 2.79 आणि 2.83 व्होल्ट. भार खरोखरच वाटला गेला होता. मात्र अ‍ॅपमध्ये अजूनही सेलचा फक्त हिरवा किंवा लाल ठिपका दिसतो, व्होल्टेज दिसत नाही. ते दिसू लागेपर्यंत मी या संचाला पाचपैकी साडेतीनच गुण देईन.