दुसऱ्यांदा इलेक्शन: तेच पद, वरचं पद की थांबायचं?

स्टुडंट कौन्सिलमधली पहिली टर्म संपत आलीये आणि पुन्हा फॉर्म भरायचा की नाही हे ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितेय. मी स्वतः कार्यकारिणी सदस्य असताना नेमकी इथेच अडकले होते आणि तेव्हा जो तो एकच विचारायचा, निवडून येशील का? मला विचाराल तर तो प्रश्न नंतरचा. आधी हे बघा की अजून एक वर्ष मिळालं तर त्यात नेमकं कुठलं काम पूर्ण करणार आहात. रस्ते तीनच आहेत, तेच पद पुन्हा, वरचं पद म्हणजे अध्यक्ष किंवा जीएस (जनरल सेक्रेटरी) वगैरे, किंवा फॉर्म न भरता दुसऱ्या कुणाला तरी तयार करणं.

पण त्याआधी नियम वाचा, कारण कधीकधी निम्मा निर्णय तिथेच होतो. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २००६ साली विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू केल्या, त्यात पदाधिकारी म्हणून लढायची संधी एकदाच आहे आणि कार्यकारिणी सदस्य म्हणून दोनदा. यातला 'लढायची' हा शब्द नीट बघा, हरलात तरी ती संधी वापरली गेली असंच धरतात. म्हणजे जिथे हा नियम आहे तिथे अध्यक्ष किंवा सचिव झालेल्याला तेच पद पुन्हा मिळायचा प्रश्नच येत नाही, आणि सदस्याकडे मात्र दोन्ही दारं उघडी असतात. शिवाय पदवीच्या मुलांना वयाची मर्यादा २२, रिसर्चवाल्यांना २८, हजेरी ७५ टक्के किंवा विद्यापीठाने ठरवली असेल तेवढी, यातली जी जास्त ती, आणि त्या वर्षी बॅकलॉग असेल तर उभं राहता येत नाही. हे नियम कागदावरच राहतात असं समजू नका, याच नियमांवरून दिल्लीतल्या जेएनयू विद्यापीठाच्या विद्यार्थी निवडणुका २००८ मध्ये थांबल्या त्या थेट २०१२ मध्ये झाल्या. ब्रिटनमध्ये वेगळी तऱ्हा आहे, तिथे अभ्यासातून वर्षभर सुट्टी घेऊन पगारी पदावर काम करतात आणि १९९४ च्या शिक्षण कायद्याप्रमाणे अशा पदावर एकूण दोनच वर्षं राहता येतं, त्यामुळे तिथे दुसरी टर्म हीच शेवटची.

आता तेच पद पुन्हा घ्यायचं म्हणजे काय ते सांगते. कौन्सिलची टर्म बहुतेक ठिकाणी एक वर्षाची, त्यात पहिले दोन-तीन महिने कुठला अर्ज कुणाच्या टेबलावर जातो हे कळण्यातच जातात, शेवटचे दोन परीक्षेत, मग हातात उरतं काय? मी रीडिंग रूम रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवायची मागणी घेऊन निवडून आले होते, अर्ज दिला, तो ग्रंथालय समितीपुढे जाणार होता पण ती समिती सत्रातून एकदाच बसायची, तिने सिक्युरिटीचा खर्च विचारला, तो आकडा आम्ही मिळवेपर्यंत सत्र संपलं आणि पुढच्या बैठकीला बजेट ठरून गेलेलं. हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि नवीन माणसाने ते पुन्हा पहिल्या अर्जापासून सुरू केलं असतं, म्हणून मी त्याच पदासाठी उभी राहिले. असं अर्धवट पण जिवंत काम तुमच्याकडे असेल तर तेच पद घ्या, अगदी खात्रीने सांगते. नसेल, आणि गेल्या वर्षीचाच मॅनिफेस्टो तारीख बदलून छापायचा विचार असेल, तर दुसरं वर्ष फार लांबतं.

वरच्या पदाचं तसं नाही. लोक त्याला बढती समजतात पण तिथे कामच बदलतं. सदस्य असताना तुम्ही एक विषय घेऊन धावता, अध्यक्ष झाल्यावर दहा जणांना दहा विषयांवर धावतं ठेवायचं, बैठका चालवायच्या, खर्चावर सह्या करायच्या, प्रशासनाशी वाटाघाटी करायच्या आणि आपल्याच टीममधल्या भांडणात मधे पडायचं. स्वतःचा लाडका विषय बाजूला पडतो. ज्यांना माणसं सांभाळायला खरंच आवडतं त्यांनी जरूर जावं, पण "रीडिंग रूमचं काम अध्यक्ष झाल्यावर पटकन होईल" या हिशोबाने जाऊ नका, कारण ती समिती अध्यक्षासाठीसुद्धा सत्रातून एकदाच बसते. आणि हरलात तर वरचं पदही गेलं आणि हातातलंही.

प्रचारातही मोठा फरक पडतो. पहिल्यांदा तुम्ही आश्वासन देता, दुसऱ्यांदा लोक हिशोब मागतात, आणि मागायलाच पाहिजे. तेच पद असेल तर प्रश्न ठरलेले असतात, गेल्या वर्षी म्हणालात त्यातलं काय झालं, बैठकांना किती वेळा होतात. वरच्या पदाला त्याहून अवघड प्रश्न येतो, कौन्सिलने न केलेल्या कामाचं उत्तरही तुम्हालाच द्यावं लागतं, तेव्हा तो विषय तुमच्याकडे नव्हता हे कुणी ऐकून घेत नाही. समोर कुणीच उभं नसलं तरी गाफील राहू नका, काही ठिकाणी नोटा (म्हणजे 'यापैकी कुणीही नाही') असतो आणि ब्रिटनमधल्या बऱ्याच युनियनमध्ये 'पुन्हा अर्ज मागवा' हाच मतपत्रिकेवर एक पर्याय असतो. अजून एक, पदावर असताना लढताय तर कौन्सिलचं लेटरहेड, अधिकृत व्हॉट्सॲप ग्रुप, ऑफिसचा प्रिंटर यातलं काहीही प्रचाराला वापरू नका आणि निवडणूक समितीत असाल तर फॉर्म भरायच्या आधी बाहेर पडा, यावरून तक्रार झाली तर जिंकलेली जागासुद्धा जाऊ शकते.

तिसऱ्या रस्त्याबद्दल कुणी बोलत नाही, पण मला तो कमीपणाचा अजिबात वाटत नाही. शेवटचं वर्ष असेल, प्रोजेक्ट किंवा प्रबंध डोक्यावर असेल, किंवा तुमच्याहून चांगलं काम करेल अशी ज्युनिअर समोर दिसत असेल तर थांबा. फक्त थांबणं म्हणजे निघून जाणं नव्हे. कुठला अर्ज कुठे अडकलाय, कुणाला भेटायचं, बैठकांची मिनिट्स म्हणजे इतिवृत्तं कुठे ठेवलीत, हे सगळं एका फाईलमध्ये लिहून द्या आणि पहिले दोन महिने फोन उचला. आम्हाला आधीच्या कौन्सिलकडून एक रिकामं कपाट आणि किल्ली मिळाली होती, त्यापायी गेलेला वेळ मला आजही लागून राहिलाय.

माझी मतं दुसऱ्यांदा कमी झाली, थोडक्यात निवडून आले. रीडिंग रूमचा प्रस्ताव त्या वर्षीच्या दुसऱ्या बैठकीत मंजूर झाला, तोही फक्त परीक्षेच्या काळापुरता. बाकीचे महिने मिळवायचं काम फाईलसकट पुढच्या मुलीकडे दिलं, आणि ती जीएससाठी न लढता सदस्य म्हणूनच उभी राहिली.